तुमच्या भल्यासाठीच!

बाईने शिकू नये असे उघड बोलणारा गृहस्थ एक वेळ परवडला. त्याच्याशी दोन शब्द वाद तरी घालता येतो. खरी पंचाईत करतो तो ‘बाई, तुमच्या भल्यासाठीच सांगतो’ म्हणणारा सज्जन!

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीचीच हकीकत पाहा. जन्म १९३३चा, लॉस एंजलिसचा. शाळेत बीजगणित-भूमितीत अव्वल गुण नव्हते, तेव्हा ‘मुलीने त्रिकोणमितीच्या वाटेला जाऊ नये’ असा सल्ला मिळाला. १९५४ साली राज्यशास्त्राची पदवी घेऊन त्या नोकरीसाठी गेल्या, तर पहिला प्रश्न टायपिंग-शॉर्टहँडचा! पुढे अर्थशास्त्रात डॉक्टरेट करू म्हटले, तर गणित कमी पडते म्हणून नाउमेद केले गेले. ज्या विषयापासून दूर ठेवले, त्याच्याच अभावाचा हा दंड!

मग त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. तिथेही हितोपदेश तयार होता. बाईला पुढे एखाद्या साध्या कॉलेजात भरमसाट तास घेण्याचीच नोकरी मिळणार. त्यात विभागाची शोभा ती काय? तरीही त्यांच्यासह चार मुलींना प्रवेश मिळाला. त्यावर प्राध्यापकांनी सभेत प्रवेश-समितीलाच धारेवर धरले. १९६५ साली डॉक्टरेट पदरात पडली. इंडियाना विद्यापीठाने नेमणूक दिली ती त्यांच्या पतीला. बाईंना मागाहून तात्पुरते काम मिळाले. तास सकाळी साडेसातचा, तोही शनिवार धरून!

एलिनॉरबाईंनी तो तास घेतला. पुढे त्या अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. आणि विषय तोच, ज्याच्या दारातून त्यांना परत पाठवले होते!

‘पाहा, जिच्या अंगी गुण असतात ती वर येतेच,’ असे कोणी यावर म्हणेल. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. नकाराची नोंद कुठे तरी राहते. सल्ल्याची राहत नाही. तो ऐकून मुकाट्याने घरी गेलेल्या मुली कोणत्या दप्तरात शोधायच्या?

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेला बहिणीच्या ताटात ओवाळणी अवश्य घाला. सोबत सल्लाही घालावासा वाटला, तर आधी मनाशी विचारा: हाच सल्ला मी धाकट्या भावाला दिला असता का?