शिक्का रब्बींचा, मान्यता जमातीची

आधुनिकता आली आणि रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र्यांची, सत्ता गेली, असं ज्यू समाजाबद्दल सर्रास सांगितलं जातं. बंगळूरमध्ये ज्यूंची दफनभूमी आहे, सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, नाही. तिथे हे विधान चटकन पटतं. युरोपपुरतं ते बव्हंशी खरंही आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथल्या राज्यसंस्थांनी ज्यू वस्त्यांचा न्यायाधिकार काढून घेतला आणि बहिष्काराचं शस्त्र रब्बींच्या हातून गेलं.

पण तोच नियम सगळ्यांना लावणं साफ चूक आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू जमातीकडे पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांमध्ये रब्बी नव्हतेच. धर्मविधी जमातीतलेच काजी चालवत. सामाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं, तेही रब्बींवाचून. रब्बींचं ग्रंथातलं शास्त्र या समाजात मुख्यतः त्यानंतर रुजलं: कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे, मिशनऱ्यांनी शिकवलेल्या हिब्रूमुळे, मुंबईच्या छापखान्यांमुळे. जी आधुनिकता युरोपात रब्बींच्या मुळावर आली, तिनेच इथे त्यांना वाट करून दिली.

याचं टोक १९६०च्या दशकात दिसलं. इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएल वधूवरांच्या मागच्या पिढ्या ज्यूच आहेत का, हे तपासायचं फर्मान काढलं. एका देशभरच्या ज्यूंची विवाहनोंदणी हाती असणं, ही ताकद मध्ययुगातल्या कुठल्या रब्बीकडे होती? ती आधुनिक राज्यानेच दिली.

मात्र जाब विचारण्याचं बळही त्याच आधुनिकतेने दिलं. कोकणातून इस्राएलला गेलेली ही माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेने दखल घेतली आणि फर्मानातून समाजाचं नाव काढावं लागलं. त्याआधी, १९२५ साली, शिवमोग्ग्यात जन्मलेल्या आणि बंगळूरलाही रुग्णसेवा केलेल्या डॉ. जेरूशा झिराड यांनी मुंबईत उदारमतवादी ज्यूइश रिलिजस युनियनची पायाभरणी केली होती. धर्माची नवी वाट आखताना या स्त्री-डॉक्टरने कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. रब्बींनी शास्त्र जरूर सांगावं. आपलं कोण, हे जमातच ठरवेल. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने बेने इस्राएल मलिदा हा विधी करतात, तेव्हा ताटात गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं मांडतात, घरची-शेजारची माणसं जमतात, प्रार्थना होते. त्याला रब्बींची सही लागत नाही. परंपरेने सामूहिक प्रार्थनेलाही दहा प्रौढ पुरुष पुरतात. रब्बी असलाच पाहिजे असं नाही. बंगळूरच्या ज्यूंचा धर्म सिनेगॉगवाचून अपुरा मानणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा. धर्माचा अधिकार माणसांच्या संमतीवर उभा असतो, आणि ती संमती नाकारण्याचा हक्क बेने इस्राएलांनी लढून सिद्ध केला आहे.