विलंबाचा धनी कोण?

कालव्याचे पाणी दहा वर्षे उशिरा आले, तर ताडकळसच्या शेतकऱ्याने दावा कोणावर लावावा? कायद्यात त्याला जागाच नाही.

कंत्राटदाराला आहे. जमीन ताब्यात मिळाली नाही, नकाशे वेळेवर आले नाहीत, की तो मुदतवाढ मागतो, यंत्रे अडकून पडल्याचा खर्चही मागतो. सरकारने नाकारल्यास लवादाकडे जातो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ त्याच्या पाठीशी आहे. ज्याच्या कसुरीने नुकसान झाले त्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व रास्तच आहे. १९९६ च्या लवाद कायद्याने तर २०१५ च्या दुरुस्तीपर्यंत, लवादाने वेगळे न सांगितल्यास, निवाड्यानंतरच्या काळासाठी वार्षिक १८ टक्के व्याज देऊ केले होते.

मग सरकार तीच कसूर पुन्हा पुन्हा का करते? भूसंपादनाआधी निविदा काढणे हा अपघात नव्हे, शिरस्ता आहे. नारळ मंत्री फोडतात, भुर्दंड जनता भरते. विदर्भातील गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. ३७२ कोटींचा मूळ अंदाज पुढे १८,००० कोटींवर गेला. ही सारी वाढ दाव्यांची नव्हे; परंतु विलंबाची किंमत कोणी मोजली, याविषयी शंका नको.

म्हणून जमीन ताब्यात आल्यावाचून कार्यारंभ आदेश देऊ नये. प्रत्येक मुदतवाढीचे कारण आणि प्रत्येक निवाडा लाभक्षेत्रातील ग्रामसभांपुढे वाचला जावा. आणि विलंबाची भरपाई कंत्राटदाराला मिळत असेल, तर पाण्यावाचून राहिलेल्या शेतकऱ्यालाही ती मिळालीच पाहिजे.