सूत्रे मायलेकींच्या हाती

आई, वडील आणि मुलगी एकाच धंद्यात उतरली की बघणाऱ्यांच्या मनात हमखास एक शंका येते. धंदा टिकेल की घरातला सलोखा? मुंबईच्या कपूर कुटुंबाने १९९४ मध्ये 'बालाजी टेलिफिल्म्स' ही संस्था काढली, तेव्हाही अनेकांनी हीच शंका घेतली असणार. मुलगी होती अवघी एकोणीस वर्षांची. नाव एकता. हाताशी अनुभव म्हटला तर जाहिरातपट बनवणाऱ्या एका दिग्दर्शकाकडे केलेली उमेदवारी, एवढाच.

वडील जितेंद्र म्हणजे गिरगावातल्या चाळीत वाढलेला रवी कपूर. वडिलांचा खोट्या दागिन्यांचा व्यवसाय. ते दागिने पोहोचवण्याच्या निमित्ताने तो व्ही. शांताराम यांच्या स्टुडिओत गेला आणि १९६४ मध्ये त्यांच्याच 'गीत गाया पत्थरोंने'चा नायक झाला. पुढे नायक म्हणून अमाप यश मिळाले, पण निर्माता म्हणून १९८२ च्या 'दीदार-ए-यार'ने त्यांचे हात चांगलेच पोळले. चित्रनिर्मिती कशी होत्याचे नव्हते करते, हे या घराला कोणी सांगायला नको होते.

कामाची वाटणी

कदाचित म्हणूनच या घराने कामाची वाटणी सुरुवातीपासून स्पष्ट ठेवली. जितेंद्र अध्यक्ष. लग्नापूर्वी हवाईसुंदरी असलेल्या शोभा कपूर व्यवस्थापकीय संचालक. पैसा, माणसे आणि निर्मितीची शिस्त त्यांच्याकडे. कथा, पात्रे आणि कलावंतांची निवड एकताकडे. मुलीने स्वप्ने पाहायची आणि आईने त्या स्वप्नांचा खर्च मोजायचा!

ही वाटणी किती मोलाची होती, हे धंद्याचे गणित पाहिले की कळते. वाहिनी निर्मात्याला प्रत्येक भागामागे ठरावीक रक्कम देते आणि मालिकेचे हक्क बहुधा वाहिनीकडेच राहतात. म्हणजे नफा उरतो तो फक्त वेळेत आणि ठरल्या खर्चात चित्रीकरण झाले तरच. कलावंत आजारी पडला, सेट वेळेवर उभा राहिला नाही, लेखकाचे पान आले नाही, तरी रात्री भाग दाखवावाच लागतो. दैनंदिन मालिका म्हणजे खानावळच. आज स्वयंपाक जमला नाही, असे सांगायची सोय नाही.

पहिले घवघवीत यश १९९५ मध्ये 'हम पांच'ने दिले. पाच मुलींच्या त्रस्त बापाच्या भूमिकेत आपले अशोक सराफ आणि फोटोतून नवऱ्याला टोमणे मारणारी दिवंगत पत्नी प्रिया तेंडुलकर, ही जोडी घराघरांत पोहोचली. त्या पाच मुलींपैकी एकीची भूमिका पुढे विद्या बालनने केली. हीच विद्या २०११ मध्ये बालाजीच्याच 'द डर्टी पिक्चर'ची नायिका होती आणि त्या भूमिकेने तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

'क'ची बाराखडी

मग ३ जुलै २००० ची रात्र आली. स्टार प्लसवर त्याच दिवशी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि रात्री साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'कहानी घर घर की' आली आणि कंपनीने शेअर बाजारातही पाऊल टाकले. 'क' अक्षराने सुरू होणाऱ्या नावांची रांगच लागली. मिहिरचा मृत्यू दाखवल्यावर प्रेक्षक इतके खवळले की त्याला जिवंत करून परत आणावे लागले. अधिकार खुर्चीत असला तरी अखेरचा शब्द दिवाणखान्यात बसलेल्या गृहिणीचा असतो, हा धडा तेव्हा मिळाला.

दुसरा धडा कडू होता. २००८ मध्ये स्टारवरचे हे दोन्ही बुरूज ढासळले. त्याच वर्षी मोठा गाजावाजा करून आणलेले महाभारतही प्रेक्षकांनी नाकारले आणि ते काही महिन्यांतच गुंडाळावे लागले. एकाच वाहिनीच्या आधारावर उभे राहण्यातला धोका उघडा पडला. पण आवराआवर न करता या मायलेकी झी वाहिनीवर नवा संसार मांडून बसल्या. २००९ चे 'पवित्र रिश्ता' हे मुंबईतल्या मराठी कुटुंबाचे कथानक. त्यात उषा नाडकर्णींची खाष्ट सासू देशभर गाजली.

घरच्या माणसांवरच सारे चालत नाही, हेही कुटुंबाने ओळखले. 'क्योंकि' सुरू झाली तेव्हा स्टारमध्ये असलेले समीर नायर २०१४ मध्ये बालाजीत समूहाचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले आणि २०१७ मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी कंपनीने इंटरनेटवर स्वतःचा मंच उघडला. तिथल्या भडक मालिकेवरून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकताला खडे बोल सुनावले. २०२० ची पद्मश्री आणि हा ठपका, दोन्ही एकाच नावावर जमा आहेत.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप मात्र जुनाच आहे. या मालिकांनी भरजरी साड्यांतल्या सासू-सुनांना घराच्या चार भिंतींत आणि कारस्थानांत कोंडून ठेवले. आक्षेप खोटा नाही. गंमत अशी की त्या सासू-सुना घडवणाऱ्या दोघी जणी मात्र त्याच काळात बँकेशी, वाहिन्यांशी आणि भागधारकांशी बोलणी करत होत्या. पडद्यावर सून उंबरठ्याशी अडली, पडद्यामागे लेकीने तो केव्हाच ओलांडला होता.

२९ जुलै २०२५ रोजी स्मृती इराणी यांची तुळशी पुन्हा पडद्यावर आली. पंचवीस वर्षांपूर्वी आईच्या मांडीवर बसून तिला पाहिलेली मुलगी आता स्वतः आई झाली असेल, नोकरी करत असेल, घराचे हप्ते फेडत असेल. तिला तुळशीकडून काय हवे आहे, हे ओळखणे ही या मायलेकींची खरी परीक्षा. घरच्या किल्ल्या मुलीच्या हाती सोपवणाऱ्या आईची गोष्ट तर त्यांच्या स्वतःच्या घरातच आहे. ती कधी पडद्यावर येते, ते पाहायचे.