फ्यूज कुणासाठी असतो?

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायरमनकीची तीस वर्षं हे एक वाक्य मी लोकांना सांगत आलोय, आणि तीस वर्षं लोक "काका, तुमचं आपलं काहीतरीच" अशा नजरेने माझ्याकडे बघताहेत.

आमच्या हिरकणीवाडीत, रोपवेच्या पायथ्याशी, पावसाळा सुरू झाला की एक संवाद हमखास कानावर पडतो. "फ्यूज सारखा उडतोय रे." "मग जाड तार टाक ना!" झालं. किटकॅटमध्ये तांब्याची जाड तार पिळून बसवली जाते, दिवे लागतात, सगळे खूष. फ्यूजने जळायचं ते आता भिंतीतली वायर जळेल, एवढाच काय तो फरक. पण ती भिंतीत असते, दिसत नाही, म्हणून ती जळेपर्यंत कुणालाच काही वाटत नाही.

हा विषय परत डोक्यात यायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो अमेरिकेत आपल्या गॅरेजमध्ये दोन माणसांचं विमान बांधतोय. तिकडे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असलं की अशा विमानाला रीतसर परवाना मिळू शकतो. तर पंखाच्या टोकावरच्या लँडिंग लाइटला कोणती वायर आणि कोणता ब्रेकर घ्यावा, यावर त्याचे तीन रविवार गेले. मी हे कट्ट्यावर सांगितलं तर मंडळी खो खो हसली. "दिवेच लावायचेत ना? त्यात एवढं काय!" एकजण तर म्हणाला, आपल्या आळीतला पोरगा असता तर एका दुपारी जोडून मोकळा झाला असता.

हो, झाला असता. तीच तर भीती आहे!

आता जरा हिशोब करू. कंटाळा आला तरी वाचा. घरात २३० व्होल्ट असतात, तिथे ५५ वॅटच्या दिव्याला पाव अँपिअरही लागत नाही. तोच ५५ वॅट १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या वर ओढतो. आळीतल्या पोराच्या हाताला जो अंदाज बसलेला असतो तो इथेच फसतो. भाच्याचं विमान फायबरचं, म्हणजे परतीच्या वाटेला धातूचं अंगही नाही. पाच मीटर वायर जायला आणि पाच यायला. २० गेजची वायर (या अमेरिकन गेजमध्ये आकडा वाढला की वायर बारीक होते, हे ध्यानात असू द्या) मीटरला साधारण ३३ मिलिओहम. दहा मीटरचे झाले ०.३३ ओहम. म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच गेले. २३० मधले दीड गेले तर कुणाला कळत नाही, पण बारातले दीड गेले की रात्री धावपट्टीच्या ऐन तोंडाशी दिवा मिणमिणतो. अमेरिकेच्या विमान खात्याची दुरुस्तीबद्दलची मार्गदर्शक पुस्तिका १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या भाराला अर्धा व्होल्ट आणि थोडा वेळ लागणाऱ्या भाराला एक व्होल्ट सूट देते. १८ गेज घेतली की हिशोब एकच्या जरासा आत येतो. तीन रविवारांपैकी एक यातच गेला, आणि योग्य गेला.

पुढचा प्रश्न ब्रेकरचा. त्याच पुस्तिकेतला तक्ता सांगतो, १८ गेजला १० अँपिअरचा ब्रेकर, २० ला साडेसातचा, २२ ला पाचचा. गंमत बघा, तक्त्यात दिव्याचा रकानाच नाही! एका बाजूला वायर, दुसऱ्या बाजूला ब्रेकर किंवा फ्यूज. माझं तीस वर्षांचं तुणतुणं त्यात छापलेलंच आहे. आणि तो ब्रेकर बसवायचा कुठे? वायर जिथून निघते तिथे. दिव्याजवळ फ्यूज लावून निर्धास्त झोपणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांची मधली सगळी वायर उघड्यावर असते.

"पण वायर ती वायर, आपली घरातली का चालत नाही?" अहो, तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं. पेटलं की त्यातून आम्लाचा धूर निघतो. घरात धूर झाला तर अंगणात पळता येतं. आठ हजार फुटांवर अंगण कुठून आणणार? म्हणून तिथे टेफझेलच्या वेष्टणाची, १५० अंश सोसणारी, कल्हई केलेल्या बारीक तारांची वायर. एकसंध जाड तार थरथरीने मोडते.

आणि एवढं करूनही ब्रेकर म्हणजे देव नव्हे. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. आग कॉकपिटच्या वरच्या भागात वायरीतल्या ठिणगीने लागली असावी असा तपासाचा निष्कर्ष होता. त्या काळचे ब्रेकर अशी ठिणगी ओळखू शकत नव्हते.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये नोंदणी झाली, २०१९ मध्ये चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली. आपण कौतुक कशाचं केलं? गच्चीचं! "जुगाड बघा मराठी माणसाचा!" मला हा त्या माणसाचा अपमान वाटतो. गच्चीवर विमान बांधायला वर्षानुवर्षं लागतात ती जुगाडामुळे नव्हे, जुगाड न केल्यामुळे. परवानग्यांना लागलेल्या वेळाबद्दल जरूर भांडावं, पण "ही वायर का, हा ब्रेकर का" हा प्रश्न विचारणाऱ्याला छळवादी म्हणू नये.

आमच्या वाडीला जिचं नाव आहे तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बाळासाठी अंधारात कडा उतरली. शाळेत, सहलीत, रोपवेच्या रांगेत, तिच्या धाडसाचं गुणगान चालू असतं. पण गोष्टीचा उत्तरार्ध लोक घाईत उरकतात. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून ती वाट बंद केली, असं सांगतात. "शाब्बास, असंच उतरत जा" म्हणाले नाहीत!

असो. भाच्याने आता हॅलोजन काढून एलईडी घेतलाय. करंट कितीतरी कमी झाला, म्हणून वजन वाचवायला तो २२ गेजची वायर ओढतोय. कट्ट्यावर लगेच निकाल लागला: "दिवा छोटा झाला ना, मग १० चा ब्रेकर राहू दे तसाच, उडणार थोडाच आहे!"

नेमकं तेच चुकतंय. २२ गेज आली की १० चा काढून ५ चा लावायचा. त्याला कालच तसं कळवलं, तर म्हणाला, "मामा, लावून झाला."