विरजण, पण ढवळलेले

अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या संघराज्याच्या कायद्याने घरी बिअर करण्यास मुभा मिळाली. पुढे तिथल्या छंदिष्टांनी प्रयोगशाळेतले महागडे ढवळणी-यंत्र साध्या खोक्यात उतरवले : संगणकातला टाकाऊ १२ व्होल्टचा पंखा, त्याच्या मध्यावर चिकटवलेले दोन चुंबक, वेग आवरणारे एक बटण. वर चंबू ठेवायचा. आतली चुंबकीय कांडी खालच्या चुंबकांमागे फिरते आणि माल्टच्या पातळ द्रावणातले यीस्ट दिवसभर ढवळले जाते. वाढले की मोठ्या भांड्यात ओतायचे.

या 'स्टार्टर'ला मराठीत काय म्हणावे? परिभाषाकार बहुधा 'किण्व-संवर्धन' सुचवतील. माझे मत स्पष्ट आहे : विरजण. थोड्यात वाढवावे, पुष्कळात मिसळावे, ही कल्पना आपल्या स्वयंपाकघरात याच शब्दासह नांदते.

आक्षेप येईल की विरजण लावल्यावर आपण भांडे हलवूही देत नाही. आक्षेप खरा आहे, आणि मोलाचाही. ढवळल्याने कर्बवायू निघून जातो, प्राणवायू मिळतो. पेशींचे आवरण घडवायला यीस्टला तो लागतो. दह्याच्या जीवाणूंना तो लागत नाही, आणि हलवले तर दही मोडते. हा फरक विद्यार्थ्याला 'विरजण' या शब्दामुळेच खटकतो; 'किण्व-संवर्धन' त्याला काहीच विचारत नाही. (घरचे शब्द कोशकारांना उणे का वाटतात, कोण जाणे.)

'घुसळणे' मात्र इथे नको. घुसळतो ते लोणी वेगळे काढण्यासाठी. ढवळायचे ते यीस्ट तळाशी बसू नये म्हणून.