बंबवाल्याची वही

इतिहास कोणी लिहावा, या प्रश्नाचे आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे. तो प्राध्यापकांनी लिहावा, संशोधकांनी लिहावा, फार तर एखाद्या निवृत्त मामलेदाराने लिहावा. बंबावरच्या माणसाने वर्दी आली की धावावे, आग विझवावी आणि घरी जावे. ही वाटणी मला मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी न्यूयॉर्कच्या एका बंबवाल्याची हकिकत आपल्यापुढे ठेवतो.

त्याचे नाव डेनिस स्मिथ. जन्म १९४० चा. बालपण मॅनहॅटनमधल्या एका चाळवजा इमारतीत, सरकारी मदतीवर संसार ओढणाऱ्या आईच्या पदराखाली गेले. शाळा अर्धवट सुटली. पुढे विमानदलात नोकरी आणि १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात भरती. येथपर्यंत हजारो जवानांसारखीच त्याची कथा. पण या गड्याने नोकरी सांभाळून विद्यापीठ गाठले आणि इंग्रजी साहित्याची पदवी घेतली! पुढे यीट्स या आयरिश कवीसंबंधी एका मोठ्या वृत्तपत्राच्या ग्रंथपुरवणीला त्याने पत्र धाडले. ते छापून आले. बंबावरचा माणूस यीट्सविषयी लिहितो, याचे संपादक मंडळींना कोण नवल! त्यातूनच त्याला स्वतःच्या कामाविषयी लिहिण्याचे निमंत्रण मिळाले, आणि १९७२ साली ‘रिपोर्ट फ्रॉम इंजिन कंपनी ८२’ हे पुस्तक बाहेर पडले. त्याच्या लाखो प्रती खपल्या.

हे पुस्तक साउथ ब्राँक्स या गरीब वस्तीचे आहे. त्या काळी तेथे आग ही रोजची गोष्ट होती. घरमालकांची बेफिकिरी, विम्याच्या पैशासाठी लावलेल्या आगी, खोट्या वर्द्या, आणि यात धावून धावून थकलेले जवान. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्सच्या कित्येक भागांतली निम्म्याहून अधिक घरे नाहीशी झाली. घरे गेली, माणसे पांगली. आज त्या वस्तीचा इतिहास शोधणाऱ्याला नगरपालिकेच्या दप्तरात आकडे सापडतील. पण जिन्यातला धूर, दाराशी उभी राहिलेली आई, खोट्या वर्दीवर जाताना प्राण गमावलेला सहकारी, हे सारे आत शिरलेल्या माणसानेच लिहून ठेवलेले आहे. ते त्याने लिहिले नसते तर कोणी लिहिले असते?

स्मिथ एवढ्यावर थांबला नाही. १९७६ मध्ये त्याने ‘फायरहाउस’ हे बंबवाल्यांचे मासिक काढले. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या अग्निशमनाच्या तीनशे वर्षांचा इतिहास लिहिला. १९८१ मध्ये नोकरी सोडल्यावर न्यूयॉर्कच्या अग्निशमन संग्रहालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. त्याचा तो संस्थापक अध्यक्ष. १९८७ साली स्प्रिंग स्ट्रीटवर, १९०४ मध्ये बांधलेल्या एका जुन्या बंबखान्याच्या इमारतीत ते सुरू झाले. चामड्याच्या बादल्या, हाताने हापसायचे पंप, घोड्यांनी ओढायचे बंब, जुनी शिरस्त्राणे असा तेथला ऐवज. भंगारवाल्याच्या लेखी त्याची किंमत पितळेच्या भावाची. शहराच्या लेखी मात्र ती त्याची वंशावळच.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ३४३ अग्निशामक एका दिवसात गेले. साठी ओलांडलेला हा निवृत्त माणूस त्या ढिगाऱ्यापाशी जाऊन राबला, आणि तेथल्या माणसांच्या तोंडच्या हकिकती त्याने पुढच्याच वर्षी ग्रंथरूपात दिल्या. जखम ओली असतानाच वही उघडली पाहिजे, हे त्याला कळले होते. २०२२ च्या जानेवारीत तो वारला.

आता आपल्याकडे वळू. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, वर कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला, बंब धावले, आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. मुंबईचे ६६ अग्निशामक त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आणि पुढचा आठवडा देशभर पाळला जातो. युद्धकाळ असल्यामुळे सविस्तर बातमी बाहेर पाठवायला मे महिना उजाडावा लागला. तोवर जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती जगाला सांगून टाकली होती. आपल्याच शहराचे दुःख आपल्याला छापता येत नव्हते!

तेव्हाचे निर्बंध परकीय सरकारचे होते. पण सरकार जाऊन इतकी वर्षे झाली, आता आपल्याला कोणी अडवले आहे? स्फोटाची गोष्ट निघाली की आपण सोन्याच्या विटांविषयी बोलतो. कोणाच्या गच्चीवर पडली, कोणाला गाळात सापडली, याच्या सुरस कथा निघतात. त्या ६६ जणांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल का? त्यांची गावे कोणती, मागे राहिलेल्या बायकामुलांचे काय झाले, जे वाचले ते पुढे कोणत्या आठवणी घेऊन जगले? हे विचारायला हवे होते ती पिढी बहुतेक संपली आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणसे आठवणी रंगवून सांगतात. त्यावर इतिहास कसा उभारायचा? माझे म्हणणे एवढेच की कागद तरी कोठे निर्मळ असतो? बखरींतही अतिशयोक्ती आहे. म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरी जाळल्या नाहीत, त्यांच्यासमोर अस्सल पत्रे आणून ठेवली. तोच मार्ग येथे आहे. जवानाची आठवण, केंद्राच्या नोंदवहीतली वर्दीची वेळ, नगरपालिकेचा ठराव आणि दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र ही चार साधने एकमेकांपुढे ठेवावीत. खोटे आपोआप गळेल. मात्र आठवण लिहूनच ठेवली नाही, तर तपासायला काय उरणार?

शिवाय बंबवाल्याला शहर ठाऊक असते तसे ते कोणालाच नसते. कोणती गल्ली बंबाला पुरत नाही, कोणत्या वाड्याचे लाकूड जुने आहे, कोणती विहीर बुजवली, जुन्या गिरणीच्या जागी काय उभे राहिले, हे त्याला पोटापाण्यासाठी माहीत करून घ्यावे लागते. आपण स्थानिक इतिहासाची पुस्तके शोधत ग्रंथालयात फिरतो, आणि चालते-बोलते पुस्तक बंबखान्याच्या दाराशी बाकावर बसून चहा पीत असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने येत्या सुटीत जवळच्या अग्निशमन केंद्रात जावे. रीतसर परवानगी काढावी. एका निवृत्त काकांपाशी बसावे आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. आपली ‘शुद्ध’ मराठी त्यांच्या तोंडी घालू नये. मुदत संपलेल्या नोंदवह्या रद्दीत जाण्यापूर्वी निदान त्यांची नक्कल मिळते का, ते पाहावे. त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक केंद्राला द्यावी, एक आपल्या ग्रंथालयाला. इतिहास विभागाच्या गुरुजनांनी या कामाला प्रकल्पाचे गुण द्यावेत, ही माझी त्यांना नम्र विनंती.

यातून लगेच ग्रंथ होईल असे नाही. पुष्कळ वह्या अर्ध्यावर राहतील, काहींत चहाचे डागच अधिक असतील. चालेल. पुढच्या वर्षीच्या अंकात अशा दोन वह्यांतली चार-चार पाने छापता आली, तर या वर्षीच्या एकदोन प्रेमकविता कमी झाल्याचे दुःख, निदान मला तरी, होणार नाही.