गेलेल्यांची नोंद

अधिसभेत शिक्षकांच्या जागांचा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेल्या तीन रकान्यांत येते: मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. रिक्त पदांचा आकडा ऐकून सदस्य संतापतात, कुलसचिव शासनाकडे पाठवलेल्या प्रस्तावांचा तपशील देतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. गेल्या वर्षभरात विद्यापीठ सोडून कोण गेले, किती वर्षे नोकरी करून गेले, कुठे गेले आणि का गेले, हे मात्र या रकान्यांत कुठेच नसते. विचारले तरी सांगता येत नाही, कारण ते कोणी लिहून ठेवलेले नसते.

रिक्त पदांचा आकडा ही पासबुकातील शिल्लक आहे. जमा कमी झाली की खर्च वाढला, हे नुसत्या शिलकीवरून कळत नाही. समजा, एकाच विद्यापीठात दोन विभाग आहेत आणि दोन्हींत आठांपैकी तीन जागा रिकाम्या आहेत. पहिल्या विभागातले तिघे वयोमानाने निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरायला परवानगीच आली नाही. दुसऱ्या विभागात गेल्या सहा वर्षांत तीन तरुण प्राध्यापक आले आणि तिघेही सोडून गेले. बिंदुनामावलीत दोन्ही विभाग सारखेच दिसतात. पहिल्याला मंत्रालयातून मंजुरी हवी आहे. दुसऱ्या विभागासाठी नुसती पुन्हा जाहिरात काढली तर चौथाही येईल आणि जाईल.

रिक्त जागांची मुख्य जबाबदारी शासनाची आहे, हे याच पानावर आम्ही वेळोवेळी लिहिले आहे आणि त्यात बदल नाही. २०१७ च्या भरतीबंदीनंतर महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागांना २०१८ मध्ये परवानगी मिळाली. त्यातल्या १,४९२ भरल्या गेल्या आणि उरलेल्या २,०८८ जागांच्या मंजुरीसाठी २०२१ उजाडावे लागले. संघटनांनी त्यासाठी आंदोलने केली आणि ती योग्यच होती. पण सारे लक्ष भरतीवर लागल्यामुळे सोडून जाणाऱ्यांचा विषय मागे पडला. भरती शासनाच्या हातात आहे. आलेला माणूस टिकवणे बऱ्याच अंशी आपल्या, म्हणजे विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि आस्थापना विभाग यांच्या हातात आहे.

राजीनाम्याची एखादी फाइल उघडून पाहावी. वर अर्ज, त्यात एकच ओळ: वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव. त्याखाली विभागप्रमुखांची शिफारस, सूचनेच्या कालावधीबद्दल लेखा विभागाची टिप्पणी, मग ना-देय प्रमाणपत्रे. ग्रंथालयाची किती पुस्तके नावावर आहेत, निवासस्थानाचे वीजबिल भरले का, प्रयोगशाळेच्या जडसंग्रह नोंदवहीतील सूक्ष्मदर्शक आणि संगणक कोणाकडे सुपूर्द केले, या सगळ्याचा कागद असतो आणि त्यावर सही-शिक्का असतो. शेवटी कार्यमुक्तीचा आदेश. बारा वर्षे शिकवलेला माणूस या फाइलमधून बाहेर पडतो. त्याची कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाइल किती वर्षे अडून होती, विभागात त्याला कोणते विषय शिकवू दिले गेले नाहीत, जोडीदाराला त्या गावात काम मिळाले की नाही, याचा एक शब्दही तिथे नसतो. अर्जदाराने तो लिहू नये अशीच आपली पद्धत आहे. खरे कारण लिहिले तर देणी अडतील, पुढच्या ठिकाणी कोणी फोन करून काही सांगेल, अशी भीती त्याला असते आणि ती निराधार नसते.

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात याच्या नेमके उलट उदाहरण आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून लोकमान्य टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरची कामे आणि मिळकत स्वीकारावी की नाही, हा वादाचा गाभा होता. टिळकांनी नुसता राजीनामा दिला नाही, आपली कारणे सविस्तर निवेदनात लिहून दिली. त्या वादात टिळकांची बाजू बरोबर होती की आगरकर आणि गोखले यांची, यावर आजही मतभेद होऊ शकतात. पण मतभेद व्हायला तो कागद हाताशी आहे. संस्थेला आपल्या रचनेबद्दल काय प्रश्न पडले होते, हे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही त्यातून कळते. आपल्या विद्यापीठांतून गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेल्यांबद्दल असे काय कळणार आहे?

अमेरिकेत या विषयावर २०२३ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात तो मांडला. २०११ ते २०२० या काळातील सुमारे २ लाख ४५ हजार प्राध्यापकांच्या वार्षिक याद्या त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिल्या. यंदाच्या यादीत असलेले नाव पुढच्या यादीत नसेल तर ती गळती, इतकी साधी पद्धत. त्यातून दिसले की स्त्री प्राध्यापक कारकिर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात नोकरी सोडतात, अगदी कायमपद मिळून पूर्ण प्राध्यापक झाल्यावरसुद्धा. मग त्यांनी आजी-माजी प्राध्यापकांना कारणे विचारली. चांगली संधी खुणावत होती म्हणून गेले, की इथे राहणे नकोसे झाले म्हणून गेले? दुसरे उत्तर स्त्रियांकडून अधिक आले. घर आणि नोकरीची ओढाताण हे कारण सगळे गृहीत धरतात, पण स्त्रियांनी त्याहून अधिक बोट ठेवले ते कामाच्या ठिकाणच्या वातावरणावर. बाई गेल्या म्हणजे मुलांसाठीच गेल्या असतील, असे आपल्या स्टाफरूममध्ये किती सहज म्हटले जाते, ते या ठिकाणी आठवावे.

हार्वर्डमध्ये सुरू झालेल्या ‘कोच’ या उपक्रमाची पाहणी आणखी एक पाऊल पुढे जाते. सोडून गेलेल्यांबरोबरच, बाहेरून बोलावणे येऊनही राहिलेल्यांनाही ती प्रश्न विचारते. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. जाणाऱ्याची कारणे कळली तरी, राहणारा कशामुळे राहिला हे कळल्याशिवाय उपाय सुचत नाही.

आपल्याकडे माहितीच नाही, ही सबब चालणार नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणासाठी, म्हणजे आयशेसाठी, प्रत्येक संस्था दरवर्षी शिक्षकनिहाय माहिती भरते. वेतनासाठी सेवार्थ प्रणालीत महिन्याला नावे जातात. सलग दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की गळती दिसू लागते. हे काम आस्थापनेतील एक सहायक चार दिवसांत करू शकतो. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर नको, नवी समिती तर मुळीच नको.

मोजताना मात्र काळजी हवी. एखाद्या विद्यापीठात १ जुलैला २०० शिक्षक होते, पुढच्या ३० जूनला १९० राहिले आणि मधल्या काळात २० जण गेले, तर सरासरी १९५ धरून गळती १०.३ टक्के निघते. हा आकडा तसाच छापला तर दिशाभूल होईल. त्या २० पैकी १२ निवृत्त झाले असतील, एकाचा मृत्यू झाला असेल, तर स्वेच्छेने गेलेले सातच, म्हणजे ३.६ टक्के. निवृत्ती तर जन्मतारखेवरून दहा वर्षे आधी कळते. तिचे वेळापत्रक करून जागेचा प्रस्ताव आधीच पाठवणे हे वेगळे काम आहे आणि तेही बहुतेक ठिकाणी होत नाही. चार जणांच्या विभागात एक गेला तर २५ टक्के गळती, हे गणित निरर्थक आहे. तिथे तुकडीनुसार पाहावे. २०१२ मध्ये रुजू झालेल्या बारा जणांपैकी तिसऱ्या वर्षाअखेर किती होते, सहाव्या वर्षाअखेर किती, आणि जे गेले ते पदोन्नतीच्या आधी गेले की नंतर? लेव्हल १० वरून ११ ला जाण्याची फाइल रखडल्यामुळे माणसे जातात असे आपण म्हणतो. ते खरे की नाही, हे अशा तक्त्यात दिसेल.

काही जाणे तर कागदावर उमटतच नाही. धारणाधिकार ठेवून दुसऱ्या विद्यापीठात गेलेला प्राध्यापक आपल्याकडे ‘भरलेल्या’ पदावर असतो. दीर्घ असाधारण रजेवरचाही असतो. विद्यार्थ्यांसमोर मात्र दोन-दोन वर्षे कोणी उभे नसते आणि ती जागा भरताही येत नाही. अशांचा वेगळा रकाना हवा.

आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक. आपल्या क्षेत्रातील सर्वांत मोठी ये-जा इथे आहे, आणि तिची नोंद सर्वांत कमी आहे. जून-जुलैत मुलाखत, सत्राअखेर काम संपले, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. एखादी सेट उत्तीर्ण, पीएचडी झालेली शिक्षिका सलग नऊ वर्षे एकाच महाविद्यालयात पदव्युत्तर वर्ग शिकवते आणि दहाव्या वर्षी येत नाही. तिने राजीनामा दिलेला नसतो, तिला कार्यमुक्तही केलेले नसते. संस्थेच्या लेखी कोणीही गेलेले नसते. ती आता खासगी शिकवणी घेते, बँकेत आहे की शेतीकडे वळली, हे तिच्या विद्यार्थ्यांना माहीत असते, महाविद्यालयाला नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत असे म्हटले होते. प्रत्यक्षात काय आहे ते प्रत्येक प्राचार्याला ठाऊक आहे. या शिक्षकांना गळतीच्या नोंदीतून वगळले तर ती नोंद करण्यात अर्थ उरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

संशोधनाचे नुकसान तर लगेच दिसते. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांनुसार प्राध्यापक आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार संशोधकांना एका वेळी मार्गदर्शन करू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा संशोधक घेता येत नाही. म्हणजे निवृत्तीसाठी नियमाने आधीच तरतूद केली आहे. अचानक गेलेल्या मार्गदर्शकाच्या चार-सहा विद्यार्थ्यांचे काय, हे मात्र दर वेळी नव्याने, अर्जविनंत्या करत ठरते. गेलेल्यांच्या नोंदीत ‘सोडून जाताना नावावर असलेले संशोधक विद्यार्थी’ हा रकाना असलाच पाहिजे.

कारणे कोणी विचारायची, हा नाजूक भाग आहे. विभागप्रमुखाने विचारू नये. पुष्कळदा कारण तोच असतो. दुसऱ्या विद्याशाखेतील, चौकशीचे कोणतेही अधिकार नसलेल्या ज्येष्ठ शिक्षकाने बोलावे, आणि तेही देणी मिळून गेल्यावर, चार-सहा महिन्यांनी, फोनवरून. तेव्हा माणूस मोकळेपणाने बोलतो. जात, लिंग किंवा गटबाजीवरून त्रास झाला असेल तर ते सांगायलाही त्याला तोवर थोडे अंतर मिळालेले असते. जे कळेल ते वैयक्तिक सेवापुस्तकात जाता कामा नये. अहवालात विभागांची नावे न देता विद्याशाखानिहाय आकडे द्यावेत आणि पाचांहून कमी संख्या असेल तिथे गट एकत्र करावेत. नाहीतर गावात नाव ओळखायला कोणाला वेळ लागत नाही, आणि पुढच्या वर्षी कोणी बोलणार नाही.

हे सारे अधिसभेसमोर यावे असा आमचा आग्रह आहे. वार्षिक अहवाल तिथे जातोच. त्यात एक पान वाढवावे: वर्षभरात आलेले, गेलेले, स्वेच्छेने गेलेले, धारणाधिकारावर गेलेले, पुन्हा न नेमलेले तासिका शिक्षक, अधांतरी राहिलेले संशोधक विद्यार्थी. शिक्षक प्रतिनिधींनी येत्या बैठकीत हा प्रश्न लेखी द्यावा. २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमाने त्यांना दिलेले हे व्यासपीठ यासाठी वापरायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आस्थापना विभागातील आमच्या वाचकांना वेगळी विनंती. २०१५ पासूनच्या कार्यमुक्ती आदेशांची फाइल काढा आणि प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी लिहा: रुजू दिनांक, गेल्याचा दिनांक, सध्या कुठे. तिसऱ्या रकान्यासाठी विभागातील जुन्या शिपायाला किंवा प्रयोगशाळा सहायकाला विचारावे लागेल, त्यांना बहुतेकांचे ठावठिकाणे माहीत असतात. तक्ता नावांशिवाय आमच्याकडे पाठवला तर वेगवेगळ्या विद्यापीठांचे तक्ते एकत्र करून आम्ही ते दिवाळीनंतरच्या अंकात छापू. कोणत्या विद्यापीठाचा कोणता, हे पाठवणाऱ्याने सांगितल्याशिवाय छापले जाणार नाही.